रखियाच्या वेलाखालची छपरं

गुढियारी, रायपूर
६ नोव्हेंबर २०२२

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. तुम्ही आणि आई बरे असाल. काका-काकूंनाही माझा जय भीम सांगा. इकडे मी मजेत आहे. घर जागेवर आहे, नळाला पाणी सकाळी साडेसहालाच येतं, आणि तुमच्या पेरूच्या झाडावरचे पेरू मी आणि खार अर्धे अर्धे वाटून घेतो. मोठे वाटे खारीचे.

पत्र पाहून नवल वाटेल. आई सांगते, "भावनाचा फोन आला का थे आंगणात जाऊन उभे राह्यतात." म्हटलं, पत्र काही वाजत नाही, त्यामुळे तुम्हाला अंगणात जायला नको. तुमसरच्या पोस्टमनलाही थोडं काम मिळेल. माझ्या मराठीत हिंदी घुसेल, तेवढं लाल पेन बाजूला ठेवा. हिंदी शाळेत घालून जुन्या टाइमटेबलच्या कोऱ्या पानांवर मराठी शिकवणारे तुम्हीच, तेव्हा अर्धी चूक तुमची.

मी काय काम करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्ही रुळांच्या ड्युटीवरून यायचात, मी सुरुवात करायची आणि तुमचा डोळा लागायचा. आता पत्रात झोपून दाखवा.

डोंगरातल्या गावांत विजेचे खांब पोचत नाहीत, आणि पोचले तरी पहिल्या वादळात आडवे होतात. अशा घरांना सरकार सौर पॅनेल देणार आहे. पण कोणत्या छपरावर किती ऊन पडतं, हे कुणी सांगायचं? रायपुरात सोपं आहे, इथं सूर्य कुणाचा लपत नाही. डोंगरात एका घरावर सकाळी साडेसातला ऊन येतं, आणि नाल्यापलीकडच्या घरावर दहा वाजेपर्यंत डोंगराची सावली बसलेली असते. कुणाचं छप्पर दक्षिणेला उतरतं, कुणाचं उत्तरेला. आमची कंपनी आकाशातून घेतलेल्या चित्रांवरून एकेक छप्पर हुडकते आणि त्याचं ऊन मोजते. मग मी त्याला रंग देते. भरपूर ऊन असेल तर लाल, बरं असेल तर पिवळा, आणि कामाचं नसेल तर करडा. अकरा हजार चारशे छपरं झाली, बाबा!

सर्वांत भारी गोष्ट अशी की अख्ख्या वर्षाचा सूर्य मी कॉम्प्युटरवर दीड मिनिटात फिरवते. पौषातल्या लांब सावल्या डोंगरावरून सरकत जातात, चैत्रात आखडतात, पुन्हा लांबतात. पहिल्यांदा ते नीट चाललं तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचा नीलेश म्हणाला, "दीदी, सूरज तो रोज़ ही घूमता है." त्याचे आईवडील अमरावतीचे, पण पोट्टा मराठीत विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर हिंदीत देतो.

ऑफिस नवा रायपूरला. स्कूटीवर जायला पाऊण तास लागतो. रस्ते इतके रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन लावावा लागेल, आणि बस म्हणाल तर सणासुदीसारखी कधीतरी येते.

आता खरी बातमी. २० डिसेंबरला हा नकाशा मंत्रालयात मोठ्या साहेबांपुढे मांडायचा आहे, आणि आमच्या शर्मिष्ठा मॅडमनी त्यासाठी मला निवडलं आहे. मला! कोणत्या पाऱ्यांना, म्हणजे वस्त्यांना, पॅनेल मिळतील ती यादी १५ डिसेंबरला बंद होते. यंत्राचं काम बरोबर आलं का, हे तपासायला चाळीस ठिकाणांची पाहणी ठरली होती. ती जूनमध्येच झाली आहे. आता फक्त चांगले फोटो काढायला पुढच्या आठवड्यात मी चिल्फीकडच्या डोंगरात जाते आहे. आईला सांगा, स्वेटर घेतला आहे.

३० जूनच्या संध्याकाळबद्दल आज काही लिहीत नाही. आज चांगलंच लिहायचं असं ठरवून बसले आहे.

तुमची (अजून तरी),
भावना


गुढियारी, रायपूर
१७ नोव्हेंबर २०२२

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. उभे असाल तर बसा. तुमच्या पोरीनं एक अख्खा पारा शोधून काढला आहे.

आई म्हणाली, पहिलं पत्र तुम्ही दोनदा वाचलंत आणि काही बोलला नाहीत. चालेल. न बोलणारा पण दोनदा वाचणारा माणूस मला पुरतो.

मंगळवारी पहाटे निघालो. गाडी हिरालालभैया चालवतात. रस्त्यातली प्रत्येक चहाटपरी त्यांना नावानिशी ठाऊक आहे आणि कोणतीही टाळली तर त्यांना पाप लागतं. चिल्फीचा घाट चढून पुढे मैकलच्या डोंगरात डोंगरखार नावाचं गाव आहे, तिथं फोटो काढून परत फिरायचं होतं. पण टपरीला पाहून हिरालालभैयांचा पाय ब्रेकवर गेला. ते थांबले नसते तर हे पत्र झालंच नसतं, म्हणून आता त्यांच्या चहाला मी कधी नावं ठेवणार नाही.

टपरीवर एक बाई बसली होती, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. तिचं नाव सत्यभामा, ती तिथली मितानिन आहे. आपल्याकडे आशाताई, इथं मितानिन. टपरीवाल्याकडे तिचा मोबाईल चार्जिंगला लावला होता. आमच्या गाडीवरचा सूर्याचा बिल्ला पाहून तिनं विचारलं, "हमर पारा के नंबर कब आही, दीदी?"

आमच्या पाऱ्याचा नंबर कधी येणार, असं ती विचारत होती. कोणता पारा म्हटलं, तर झिरियापारा. मी मोठ्या ऐटीत टॅब उघडला. झिरियापाऱ्याच्या उतारावर दोन छपरं होती, दोन्ही करडी, बाकी सगळी हिरवी झुडपं. पाचपेक्षा कमी छपरं असली की तो पारा यादीतून आपोआप गळतो, हा नियम. मी तिला समजावलं की तिथं दोनच घरं आहेत, बाकी झाडी आहे. तिनं आधी टॅबकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोबाईल काढून घेतला, पेटी खांद्याला लावली आणि म्हणाली, "चल, गिन ले."

चाळीस मिनिटं चाललो, बाबा. मध्ये एक नाला, दगडांवरून उड्या मारत. हिरालालभैया अर्ध्यातून चहाच्या आठवणीनं परतले. वळणावर आलो तर समोर खरंच हिरवागार उतार, माझ्या टॅबमध्ये होता अगदी तसाच. मी म्हणणार होते की बघ, झाडीच आहे. तेवढ्यात त्या झाडीतून धूर निघाला. मग शेजारच्या झुडपातून कोंबडं बाहेर आलं, आणि त्याच्या मागून झाडू घेतलेली एक म्हातारी.

सत्यभामाबाई पहिल्या घरापाशी गेली आणि तळहाताएवढी दोन पानं हातानं वर उचलली. खाली खापरं. "ये झाड़ी नोहय," ती म्हणाली, "मोर रखिया के नार आय."

रखिया म्हणजे आपला कोहळा. नार म्हणजे वेल. इथं थंडीत कोहळा किसून उडदाच्या डाळीत मिसळतात आणि त्याच्या वड्या घालतात, त्यामुळे घरोघरी छपरावर वेल. आता यंत्राची गंमत ऐका. पावसाळ्यात ढग असतात, म्हणून आम्ही सगळी चित्रं पाऊस उघडल्यानंतरची घेतो, कार्तिकातली. नेमके तेव्हाच हे वेल छपरभर पसरलेले असतात. यंत्राला शिकवलेलं, हिरवं ते झाड. त्यानं सतरा घरांची झुडपं करून टाकली, आणि उरलेल्या दोन छपरांवर त्याच झुडपांची सावली धरून ती करडी केली. ज्या दोघांचा वेल गेल्या वर्षी वाळला होता, तेवढीच माणसं माझ्या नकाशात घरात राहत होती.

मी मोजली. एकोणीस छपरं. मग माप घ्यायचं यंत्र काढलं आणि आकडा दोनदा ताडून पाहिला, कारण डोंगर त्या पाऱ्याच्या उत्तरेला आहे आणि दक्षिण सताड उघडी. भर हिवाळ्यातसुद्धा साडेसातपासून साडेचारपर्यंत ऊन. अकरा हजार चारशे छपरांत इतकं चांगलं ऊन माझ्या नकाशात कुठंच नाही. यादीतून गळलेला पाराच सगळ्यांत पहिला.

मी तिला विचारलं, घरं बांधताना ही जागा कशी निवडली? तिच्या सासऱ्यानं निवडली होती. घर बांधायच्या आधी त्यानं उतारावर तीन ठिकाणी काटक्यांचे मांडव घालून रखिया लावला. जिथं फळ चांगलं धरलं तिथं घर उभं केलं, आणि बाकीच्यांनी त्याचं पाहून आपापली घरं. "जिहां घाम, तिहां नार," ती म्हणाली. घाम म्हणजे त्यांच्याकडे ऊन. मी दीड मिनिटात सूर्य फिरवते म्हणून उड्या मारत होते, आणि त्या म्हाताऱ्याच्या वेलानं तेच काम एका हंगामात, कुणाला टाळ्या वाजवायला न लावता केलं होतं.

पाऱ्यात वीज नाही. बाळंतपण असलं की सत्यभामाबाईच्या मोबाईलचा उजेड धरायचा, आणि तो मोबाईल भरायला चाळीस मिनिटं टपरीपर्यंत चालायचं. आता तसं नाही राहणार. यंत्राची चूक मी पकडली आहे. सोमवारी दुरुस्तीचा अर्ज भरते आणि १५ तारखेच्या आत झिरियापारा यादीत.

आईला सांगा, सत्यभामाबाईनं एक कोहळा दिला आहे. गाडीत माझ्या मांडीवर बसून आला. एवढा मोठा की हिरालालभैया त्याचं तिकीट मागत होते.

तुमची नकाशेवाली,
भावना


गुढियारी, रायपूर
२७ नोव्हेंबर २०२२

प्रिय बाबा,

जय भीम.

गेल्या रविवारी आईचा फोन आला. काकूच्या गुडघ्यांचं झालं, धानाच्या चुरण्याचं झालं, आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "अवं, थे इचारून राह्यले का पह्यल्या खेपेले तू तिथं गेली होती का?"

पाच महिन्यांत तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न. चार पानं मी आनंदानं नाचत लिहिली होती, आणि त्यात जे एक वाक्य नव्हतं त्यावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. रूळ धरून ठेवणारी चाबी सैल झाली की ती तुम्हाला हातोडा मारायच्या आधी ऐकू यायची, असं तुमचे गँगवाले म्हणायचे. मला ती थाप वाटायची.

नाही, बाबा. जूनच्या पाहणीला गेले नव्हते. तिथंही नाही आणि उरलेल्या एकोणचाळीस ठिकाणीही नाही.

जूनमध्ये आधी उन्हाळा होता, मग पाऊस लागला, घाटात दरड आली म्हणून गाडी दोनदा परतली. पाहणीचे कागद २५ तारखेला द्यायचे होते. प्रत्येक कागदाच्या शेवटी एक ओळ छापलेली असते, "मी स्वतः स्थळी जाऊन पाहणी केली आहे", आणि खाली सही. मी चित्रं मोठी करून पाहिली, सगळं ठीक वाटलं. चहा निवायच्या आत चाळीस सह्या झाल्या. झिरियापारा त्यातला सतरावा. पहिल्या पत्रात मी "पाहणी झाली आहे" असं लिहिलं होतं. कुणी केली ते लिहिलं नव्हतं. यंत्राला हिरवं ते झाड असं शिकवलं कुणी, तेही दुसऱ्या पत्रात लिहिलं नाही. मीच शिकवलं. आणि माणसानं जाऊन पाहावं ही अट याचसाठी असते, की यंत्र चुकलं तर कळावं.

आता ३० जून.

तुमच्या रिटायरमेंटसाठी आपल्या अंगणात भाड्याच्या खुर्च्या होत्या, तुमच्या गळ्यात हार होता, आणि तुम्ही ती धुक्यातल्या सकाळची गोष्ट सांगत होतात. मांढरकडचा तुमचा सहा किलोमीटरचा तुकडा, थंडीनं तडकलेला रूळ, तुम्ही लाल झेंडी घेऊन मालगाडीसमोर पळालात. मी ती शंभरदा ऐकली आहे आणि मला ती आवडते. पण गोष्ट संपल्यावर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि सगळ्यांना सांगितलंत, "पोट्टी माह्यावर गेली हाये. पाह्यल्याबिगर सही नाही करत थे."

सह्या करून पाच दिवस झाले होते, बाबा. तुमचा हात डोक्यावर होता आणि मला तो सहन झाला नाही. म्हणून मी ते बोलले. "तीस वर्षं चाललात, पण सहाच किलोमीटर गेलात, बाबा. आता तर रूळही मशीन पाहते." लोक हसले. तुम्हीसुद्धा थोडं हसलात. नंतरच्या आठवड्यात तुम्ही आईला घेऊन काकाकडे रोवणीला म्हणून गेलात, आणि रोवणी होऊन कापणी झाली तरी आला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी शिकली आणि बापाच्या कामाची तिला लाज वाटायला लागली. लाज वाटत होती, पण तुमची नाही. माझी. मला माफ करा.

पुढचं लिहिते, कारण पुढचंही तुम्हाला विचारावंसं वाटेल.

सोमवारी ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज उघडला. त्यात एक रकाना असतो, "चुकीचे कारण". नीलेशला वाटलं मी अडले आहे. तो सहज म्हणाला, "बादल लिख दे, दीदी. सब वही लिखते हैं." चित्रात ढग होता असं लिहिलं की झालं. झिरियापारा यादीत, मी २० तारखेला मंत्रालयात, सगळे खूश. खरं सांगते, मी "ढग" लिहिलंही. मग तुमचा प्रश्न आठवला आणि हिशेब दुसऱ्या बाजूनं दिसला. ढग लिहिला तर एक पारा वाचेल. पण चाळीसपैकी एका ठिकाणी मी चहाच्या टपरीमुळे पोचले, बाकीच्या एकोणचाळीस ठिकाणी वेलाखाली कोण बसलं आहे ते कुणालाच कळणार नाही.

मी अर्ज मिटवला आणि शर्मिष्ठा मॅडमकडे गेले. बसा म्हणाल्या, मी उभीच राहिले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "चालीस में से कितने देखे थे?"

"एक भी नहीं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोरच विभागाला पत्र लिहिलं, खरं कारण घालून, आणि खाली माझीही सही घेतली. मंत्रालयात आता नीलेश बोलेल. मार्चनंतर माझं काम चालू राहील की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विभागाकडून शुक्रवारी उत्तर आलं. झिरियापारा यादीत धरायचा, पण चाळीसही ठिकाणं १५ जानेवारीपर्यंत पुन्हा प्रत्यक्ष पाहून द्यायची. तोवर त्यातल्या एकाही पाऱ्याला पॅनेल नाही. म्हणजे एक ठिकाण जरी राहिलं, तरी माझ्यामुळे तिथली माणसं अंधारात राहतील.

कोण पाहणार, असं मॅडमनी विचारायच्या आत मी हात वर केला.

आणि आता तुम्हाला हसू येईल. पगार राहतो की जातो माहीत नाही, नाक कापलं गेलं आहे, आणि मला परीक्षा संपलेल्या पोरीसारखं वाटतं आहे! उद्या पहाटे निघते. नवे बूट घेतले आहेत. हिरालालभैया म्हणतात, एवढ्या चालण्यात निदान पन्नास टपऱ्या लागतील.

उत्तर देऊ नका, मला सवय झाली आहे. फक्त हे पत्र दोनदा वाचा.

तुमची,
भावना


गुढियारी, रायपूर
८ जानेवारी २०२३

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम. पार्सल ५ डिसेंबरलाच मिळालं. पोचपावती मुद्दाम दिली नाही, का ते खाली कळेल. आईचे सांडगे हिरालालभैयांनी आणि मी गाडीतच संपवले, तळायचीही वाट पाहिली नाही.

सांडग्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली तुमची ड्युटीची डायरी निघाली. पत्र शोधलं, चिठ्ठी शोधली, डब्याचं झाकण उलटं करून पाहिलं. काही नाही. मग डायरी उघडली. रोजची तीच ओळ, तारीख, तुकडा, "पायी पाहिले. ठीक." आणि सही. उलटत उलटत शेवटच्या ओळीपाशी आले. ३० जून २०२२. त्या दिवशी सकाळीसुद्धा तुम्ही चालला होतात. साहेबांनी सुट्टी दिली होती हे मला माहीत आहे, कारण आई घरी पुऱ्यांची कणीक मळत कुरकुरत होती की आजच्या दिवशी तरी हा माणूस कुठे गेला. पायी पाहिले. ठीक. आणि त्याच संध्याकाळी मी ते बोलले.

पुढचं पान कोरं असेल म्हणून उलटलं. ते कोरं नव्हतं. तुम्ही पट्टीनं रकाने आखले होते आणि डाव्या बाजूला तुमच्या अक्षरात एकपासून चाळीसपर्यंत आकडे लिहिले होते.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले, आणि मग सांडगे फोडले. आधी रडणं, मग सांडगे, क्रम असाच होता.

त्या ओळी भरल्याशिवाय पोच द्यायची नाही असं ठरवलं होतं, तर आता हिशेब देते. गुडघाभर पाण्यातून गेले, एकदा घसरले, एका गावात कुत्र्यानं माझ्या नव्या बुटाची नाडी नेली. आणि काय काय सापडलं ते ऐका! वेलाखाली लपलेले आणखी दोन पारे निघाले, एक सहा घरांचा आणि एक अकरा घरांचा. नववं ठिकाण म्हणजे माझ्या नकाशातलं लालभडक, सगळ्यांत देखणं छप्पर होतं. जाऊन पाहिलं तर तणसाचा ढीग. त्या ढिगाला मी अडीच किलोवॅट दिले होते! मालक विचारत होता, बैलाला करंट लागणार नाही ना. एका ठिकाणी नकाशा बरोबर होता, पण घराशेजारच्या मोहाच्या झाडाची सावली दुपारी अर्धं छप्पर खाते, ती आकाशातून दिसत नाही. झाड तोडायचं नाही, पॅनेल गोठ्यावर जाईल. हे सगळं तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तुम्ही तीस वर्षं हेच सांगत होतात आणि मी त्याला धुक्याची गोष्ट समजत होते.

यंत्रालाही आता नव्यानं शिकवते आहे. हिरवं ते झाड, पण त्यातून धूर निघाला तर घर. ते मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच. नीलेश मंत्रालयात चांगला बोलला आणि म्हणे झिरियापाऱ्याची गोष्ट सगळ्यांत जास्त चालली. माझं नावही त्यानं घेतलं, सहीच्या गोष्टीसकट. परतल्यावर माझ्या टेबलावर पेढा ठेवून म्हणाला, "रागावू नका ताई." मराठीत, बाबा. मी पेढा ठेवून आधी त्याचं तोंड पाहिलं.

सत्यभामाबाईकडे दोनदा गेले. झिरियापाऱ्याच्या एकोणीस छपरांना नंबर मिळाले आहेत, तिचा अकरावा. नंबर ऐकून तिनं पहिली शंका काढली, पॅनेल बसवलं तर रखिया कुठं जाणार? पूर्ण पारा माझ्याकडे पाहत उभा राहिला. खापरांना तसाही वजनाचा भार नको, म्हणून पॅनेल अंगणात खांबांवर उभं करायचं ठरवलं आहे, आणि छप्पर वेलाचंच राहील. ती मान डोलावून एवढंच म्हणाली, "हव." मग माझ्या हातावर अंगणातल्या उन्हात वाळवलेल्या वड्यांची पुरचुंडी ठेवली. त्या तुमच्यासाठी ठेवल्या आहेत, त्यातली एकही खाल्लेली नाही. हिरालालभैयांनाही दिली नाही.

तुमच्या डायरीत आता एकोणचाळीस ओळी भरल्या आहेत. गाव, तारीख, "पायी पाहिले". जिथं ठीक नव्हतं तिथं "ठीक नाही" आणि कारण. तुम्ही लाल पेन घेऊन बसलात तरी हरकत नाही, पण सह्या मात्र तपासू नका, त्या सगळ्या खऱ्या आहेत.

चाळिसावी ओळ कोरी आहे. ते ठिकाण मी मुद्दाम शेवटी ठेवलं. शनिवारी, १४ तारखेला तिथं जायचं आहे, दुसऱ्या दिवशी मुदत संपते. गाडी डोंगरखारच्या पुढं थोडी जाते, मग रस्ता संपतो. तिथून पायवाट आहे. चढ फार नाही, मी विचारून ठेवलं आहे. हिरालालभैया गाडीपाशी थांबतील. तुमसर रोडहून शुक्रवारी कोणतीही सकाळची गाडी धरली तरी दुपारी रायपूर. स्टेशनवर मी उभी असेन. आईनं स्वेटर बांधून ठेवला आहे, हे तिनं मला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

रस्ता संपतो तिथून ते ठिकाण सहा किलोमीटर आहे, बाबा. तेवढे माझ्याबरोबर चला.

एकोणचाळीस पायी पाहिली. एक बाकी.

तुमची,
भावना शामराव गजभिये